आयर्लंडच्या पवित्र विहिरींवर रिबिनी वाटणाऱ्या सहल-आयोजकांना खुले पत्र

प्रति,
आयर्लंडच्या सहली काढणारे सर्व मराठी सहल-आयोजक आणि त्यांचे टूर मॅनेजर यांस,

विषय: पवित्र विहिरी 'इच्छापूर्ती विहीर' म्हणून विकणे थांबवण्याबाबत

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी काहींच्या यंदाच्या माहितीपत्रकांत एक नवी ओळ आली आहे. 'मोहरचे कडे पाहून परतताना आयर्लंडच्या जादुई इच्छापूर्ती विहिरीला भेट. रिबीन बांधा, नाणं टाका, इच्छा मागा!' रिबीन तुमच्याकडून फुकट. ती मी हातात घेऊन पाहिली आहे: गुळगुळीत पॉलिएस्टर, भगवा रंग, एका टोकाला कंपनीचं चिन्ह आणि दुसऱ्या टोकाला बुकिंगसाठी मोबाइल नंबर. आमच्या गावाबाहेर संत ब्रिगिड या आयरिश स्त्री-संताची एक छोटी विहीर आहे. तिच्यावर झुकलेल्या हॉथॉर्नच्या काटेरी झुडपाला अशा रिबिनींचे गुच्छ लटकत होते. इथल्या पावसाने त्यांचा रंगसुद्धा उतरला नव्हता, आणि नेमकं तेच आमचं दुखणं आहे. का, ते पुढे येईल.

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर इकडे आले, बरीच वर्षं क्लेअर परगण्यात राहते आणि औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करते. संताच्या नावाने विहिरीवर वर्षातून एकदा जो मेळा भरतो त्याला इथे 'पॅटर्न' म्हणतात. त्याआधी विहीर साफ करणारा गावातल्या लोकांचा एक गट आहे, त्यात मीही असते. वाटेवर आलेल्या काटेरी वेली छाटायच्या, दगडांवरचं शेवाळ काढायचं, तेही विहिरीचं पाणी न वापरता, घरून बादली आणून. मागच्या बैठकीत तुमच्या रिबिनी टेबलावर ठेवल्या गेल्या आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. रिबिनींवरच्या अक्षरांची लिपी कोणती हे त्यांना कळत नव्हतं. 'ही तुमच्याकडची माणसं का?' असं एकाने अगदी सौजन्याने विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा हे पत्र लिहिणं मला भाग आहे. ते मराठीत आणि चारचौघांसमोर लिहिते आहे, कारण सहलीचे पैसे भरणारे चारचौघेही मराठीच वाचतात. आमच्या विहिरीचं नाव मात्र देणार नाही. दिलं तर पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक बस येईल.

आधी, ज्यांनी या विहिरी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं. आयर्लंडमध्ये अशा सुमारे ३,००० पवित्र विहिरी असल्याचं सांगितलं जातं. विहीर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं बहुतेक ठिकाणी काहीच नसतं. ना रहाट, ना पायऱ्या. शेताच्या कोपऱ्यात दगडांचं अर्धवर्तुळ, त्यात गुडघाभर पाणी, तळाची वाळू हलवत वर येणारा झरा, आणि कडेला पालथा घातलेला एखादा कप. जिथे गावाची ऊठबस जास्त, तिथे वर छोटंसं छप्पर, संताची मूर्ती, मेणबत्त्या. माणसं येतात ती 'राउंड्स' घालायला. हातात ठरावीक खडे घ्यायचे, प्रार्थना म्हणत विहिरीला सूर्याच्या दिशेने प्रदक्षिणा घालायची, दर फेरीला एक खडा टाकायचा म्हणजे मोजणी चुकत नाही. मग तीन घोट पाणी. कोणी बोलत नाही, आणि कोणी 'काय मागितलंस?' असं विचारतही नाही.

आणि प्रत्येक विहिरीला तिची गोष्ट असते. माझी तक्रार मुख्यत्वे या गोष्टींपाशी आहे, कारण कुंपण नाही, पहारेकरी नाही, पाटी नाही अशा जागा शेकडो वर्षं टिकल्या त्या या गोष्टींच्या जोरावर.

सगळ्यात जास्त ठिकाणी ऐकायला मिळते ती रुसलेल्या विहिरीची गोष्ट. एक बाई घाईत होती, तिने विहिरीतच मळके कपडे धुतले. सकाळी लोक येऊन बघतात तो विहीर कोरडी ठाक, आणि बांधापलीकडे, दुसऱ्याच्या शेतात, पाणी उसळतंय. काही गावांत तर पाण्यासोबत झुडूपही रातोरात पलीकडे गेलेलं असतं. मी ज्यांच्याकडून राउंड्स शिकले त्या शेजारच्या आजी कोरडी जागा आणि ओली जागा दोन्ही बोटाने दाखवत, आणि ती बाई कोणत्या घरातली होती तेही सांगायला तयार असत. दुसरी गोष्ट आंधळ्या घोड्याची. मालकाने घोड्याला विहिरीवर आणून त्याचे डोळे धुतले. घोड्याला दिसायला लागलं, मालकाची दृष्टी गेली. माणसांसाठीचं पाणी जनावराला वापरू नये, एवढाच नियम. पण तो नियम म्हणून सांगितला असता तर दोन पिढ्यांत विसरला गेला असता.

तिसरी माशाची. मीथ परगण्यात केल्स गावाजवळ कॅसलकीरन इथे संत कीरनची विहीर आहे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मध्यरात्री तिच्यात ट्राउट मासे दिसतात म्हणे, आणि ज्याला दिसतील त्याचं भलं होतं. विहिरीतल्या माशाच्या गोष्टी देशभर आहेत. कोणीतरी तो पकडून घरी नेतो, पातेल्यात टाकतो, चूल रात्रभर पेटलेली, पाणी काही उकळत नाही. शेवटी मासा जिवंत परत आणून सोडावा लागतो. वेस्टमीथमधल्या फोर गावात संत फेखिनची विहीर आहे, तिथल्या 'सात आश्चर्यां'त न उकळणारं पाणी आणि न जळणारं लाकूड अशी दोन आश्चर्यं आहेत. उकळायचा प्रयत्न करणाऱ्याच्या घरावर अरिष्ट येतं, म्हणून कोणी करूनही बघत नाही.

तुमच्यातले काही जण म्हणतील, या तर अंधश्रद्धा, आणि फार्मासिस्ट बाईंनी त्यांची तरफदारी करावी याची गंमत वाटते. माझा त्या पाण्यावर औषध म्हणून काडीचा विश्वास नाही. डोळे आले तर मी थेंबच देते. पण झरा कपड्यांच्या साबणापासून, गुरांच्या शेणापासून आणि हावरट हातांपासून वाचला तो या गोष्टींमुळे, हे मला डोळ्यांनी दिसतं. आमच्याच क्लेअरमध्ये 'लाटून' नावाच्या ठिकाणी १९९९ साली महामार्गाच्या आड एक हॉथॉर्नचं झुडूप येत होतं. ते परीलोकांच्या लढाईचं ठिकाण आहे, तोडू नका, असं कथाकार एडी लेनिहन यांनी जाहीरपणे सांगितलं. रस्ता झाला आणि झुडूपही राहिलं. तेव्हा गोष्टीला हलकं समजू नका. ती काढून घेतली की मागे नुसता ओहोळ उरतो, आणि ओहोळात लोक काहीही टाकतात.

आता तक्रारी.

पहिली, 'इच्छापूर्ती' या शब्दाबद्दल. या विहिरी सरसकट कोणतीही इच्छा पुरवत नाहीत. त्यांचं प्रत्येकीचं काम ठरलेलं आहे. डोळ्यांच्या विहिरी तर किती आहेत! कुठली दाढदुखीची, कुठली चामखिळीची. स्लायगोजवळ टोबरनाल्टला विहिरीशेजारी एक दगड आहे, त्याला पाठ टेकली की पाठदुखी थांबते असं मानतात. जुलैच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे गार्लंड संडेला, तिथे पहाटेपासून माणसं जमतात. केरी परगण्यात डिंगल द्वीपकल्पावर ग्लेनागॉल्ट नावाची दरी आहे. मन बिघडलेली माणसं तिथल्या विहिरीचं पाणी पिऊन आणि त्या पाण्यात उगवणारी वॉटरक्रेसची पानं खाऊन बरी होत, अशी तिची ख्याती. वेडाच्या भरात रानोमाळ भटकणारे राजे तिथे पोचल्याच्या कथा आहेत. त्या पाण्यात लिथियम आहे अशीही चर्चा हल्ली रंगते. ते खरं असो वा नसो, मला भिडते ती एवढीच गोष्ट की ज्या काळी वेड्याला साखळदंड घालत, त्या काळी एक अख्खी दरी त्याच्यासाठी मोकळी आहे असं लोक मानत होते. हे सगळं सोडून 'पदोन्नती मागा, व्हिसा मागा, मुलीचं लग्न मागा' असं बसच्या माइकवरून सांगायचं म्हणजे त्या जागेकडे बघितलंच नाही म्हणायचं.

दुसरी रिबिनीबद्दल. विहिरीजवळच्या झाडाला चिंधी बांधायची रीत इथे आहे, हे खरं. पण ती चिंधी आजारी माणसाच्या अंगावरच्या कपड्याची, सुती नाहीतर लोकरीची. दुखऱ्या जागेला पाण्याने पुसून ती फांदीला बांधतात. ऊनपावसात चिंधी कुजत जाते आणि तिच्यासोबत दुखणंही झिजत जातं, अशी ती समजूत. पॉलिएस्टर कुजत नाही. म्हणजे इथल्याच हिशेबाने तुम्ही तुमच्या प्रवाशांची दुखणी कायमची टांगून ठेवली आहेत! शिवाय फांदीला काच बसतो तो वेगळा. आणि दुसऱ्याची चिंधी सोडवायची नाही, सोडवली तर त्याचं दुखणं आपल्याला लागतं, हाही नियम आहे. त्यामुळे आमच्या गटातली जुनी माणसं तुमच्या रिबिनींना हात लावायला तयार नव्हती. शेवटी कात्री मी चालवली. म्हटलं, यात कुणाचं दुखणं नाही, फोन नंबर आहे.

रिबिनीचा उल्लेख तुमच्या एका टूर मॅनेजरने व्हिडिओत 'संत गॉबनेटची परंपरा' असा केला. तर तेही सांगून टाकते. गॉबनेटचं ठाणं कॉर्क परगण्यातल्या बॅलिव्होर्नीला. नऊ पांढरी हरणं चरताना दिसतील तिथे थांब, असं देवदूताने तिला सांगितलं. एके ठिकाणी तीन दिसली, पुढे सहा दिसली, बॅलिव्होर्नीला नऊ दिसली, आणि ती तिथे राहिली. ती मधमाश्यांची संत. गुरं पळवायला आलेल्या लुटारूंवर तिने पोळं सोडलं म्हणतात. तिच्या सणाला, ११ फेब्रुवारीला, तिची जुनी लाकडी मूर्ती बाहेर काढतात आणि लोक घरून आणलेली रिबीन त्या मूर्तीच्या उंचीला आणि घेराला लावून मापतात. ती रिबीन झाडाला बांधत नाहीत, घरी नेतात, वर्षभर जपतात, घरात कोणी आजारी पडलं की त्याच्या अंगाला लावतात. ती गोष्ट क्लेअरमध्ये ब्रिगिडच्या विहिरीवर उभं राहून सांगणं म्हणजे जेजुरीच्या पायरीवर तुळजापूरची कथा लावणं. आपल्याकडे कुणी असं केलं तर पुजारी सोडा, हळद विकणारा पोरगाही थांबवेल.

तिसरी तक्रार उलट्या फेरीची, आणि ही मला सगळ्यात जास्त लागली. एका गटाला फोटोत विहीर चांगली दिसावी म्हणून डावीकडून, म्हणजे उलट, फिरवण्यात आलं, टाळ्या वाजवत. तुम्ही आम्ही प्रदक्षिणा म्हणजे काय हे जाणणारी माणसं. आपल्याला तरी हे सांगावं लागू नये. इथे उलट फिरणं म्हणजे शाप देणं. कॅव्हन परगण्यात ब्लॅकलायनजवळ एका मोठ्या दगडाच्या खळग्यांत गोल गोटे आहेत. शत्रूचं वाईट व्हावं म्हणून ते गोटे उलटे फिरवत, अशी त्यांची आख्यायिका. आणि विहिरीबद्दल तर या देशातली एक फार जुनी कथा याच चुकीची आहे. पुराणकथेतल्या नेख्तनची एक गुप्त विहीर होती. तो आणि त्याचे प्याले भरणारे तीन सेवक सोडून कुणीही तिच्याजवळ जायचं नाही, गेलं तर डोळे फुटतील. त्याची बायको बोआन. तिला वाटलं, बघूया तरी काय होतं. ती गेली आणि विहिरीला तीन उलट्या फेऱ्या घातल्या. पाणी खवळून वर आलं, तीन लाटा उठल्या, एकीने पाय नेला, एकीने डोळा, एकीने हात. ती समुद्राकडे धावत सुटली, पाणी तिच्या मागे. ती धावली त्या वाटेने जी नदी झाली ती बॉइन, आणि तिच्या मुखाशी बोआन बुडाली. किल्डेअर परगण्यात कारबरी टेकडीच्या पायथ्याशी जी ट्रिनिटी विहीर आहे ती बॉइनचा उगम मानतात. मला या कथेतली बोआन आवडते, खरं सांगायचं तर. मनाई मोडण्यात तिची काही जिद्द होती. रीलसाठी उलट फिरणाऱ्यांची कसली?

चौथी. 'या मूळच्या आपल्याच विहिरी, इथे एकेकाळी वैदिक लोक राहत होते' हे बसमध्ये ऐकवणं बंद करा. प्रदक्षिणेची दिशा जुळते, पाण्याला मान आहे, झाडाला चिंधी आहे. बघून आपल्याला घरचं वाटतं, मलाही वाटलं. पण घरचं वाटलं म्हणून सातबारा आपल्या नावावर होत नाही. या माणसांनी ही रीत टिकवायला किंमत मोजली आहे. १७०४ साली इथल्या इंग्रजी सत्तेने कायदाच केला: विहिरींवर यात्रेला जमणं म्हणजे दंगल. जमलेल्याला १० शिलिंग दंड, भरला नाही तर जाहीर चाबूक. तिथे खाणंपिणं विकणाऱ्याला २० शिलिंग. पुढे त्यांचे स्वतःचे कॅथलिक बिशपही विहिरींवर उलटले, कारण पॅटर्नला दारू, नाच आणि गटागटांच्या काठ्यांच्या मारामाऱ्या चालत. राजा विरोधात, धर्मगुरूही नाराज, तरी लोक येत राहिले. त्यांना त्यांच्याच आजोळाची गोष्ट आपण येऊन सांगावी?

पाचवी तक्रार लिस्कॅनरची. मोहरच्या कड्यांपासून जवळ, रस्त्याला लागूनच ब्रिगिडची मोठी विहीर आहे. वरच्या अंगाला कबरस्तान, खाली विहीर. विहिरीकडे जाणाऱ्या अरुंद बोळाच्या भिंती लोकांनी ठेवलेल्या वस्तूंनी खचाखच भरलेल्या आहेत: जपमाळा, मूर्ती, गेलेल्यांचे फोटो, ओलीने फुगलेल्या चिठ्ठ्या. आत गेलं की पाण्याचा आवाज येतो आणि मेणाचा वास. त्या चिठ्ठ्या कुणीतरी कुणासाठीतरी लिहिलेल्या आहेत, बहुतेकदा अशा गोष्टी की ज्या त्यांनी आपल्या डॉक्टरलाही सांगितल्या नसतील. काउंटरपलीकडे उभी राहून अशी माणसं मी रोज बघते. तुमच्या चॅनेलवर त्या भिंतीचा व्हिडिओ आहे. कॅमेरा एका लहान मुलाच्या फोटोवर थांबतो, मग खालच्या चिठ्ठीवर, अक्षर वाचता येईल इतक्या जवळ. मागे बासरी वाजते. तो व्हिडिओ काढून टाका. यावर मला आणखी काही लिहायचं नाही.

बाकीच्या थोडक्यात. नाणी टाकू नका. फोरच्या विहिरीजवळच्या झाडात लोकांनी नाणी ठोकली आणि त्यानेच ते मेलं, असं तिथे सांगतात. तेल, कापूर, कुंकू, नारळ यातलं काहीही नको. श्रद्धेने केलं असेल, पण तेलाचा तवंग झऱ्यावर बसला की बेडकांपासून सगळ्यांचा जीव घुसमटतो. बाटल्या भरून पाणी पाजू नका. आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला गुरं चरतात आणि ते पाणी कुणी तपासलेलं नसतं. साठीच्या प्रवाशाला पुढे तीन दिवस जुलाब झाले तर तुम्ही ब्रिगिडकडे भरपाई मागणार नाही. आणि फाटक! यातल्या कित्येक विहिरी शेतकऱ्याच्या खासगी रानात आहेत. या देशात दुसऱ्याच्या शेतातून जायचा सरसकट हक्क कुणाला नाही. तो जाऊ देतो म्हणून आपण जातो. तुमच्या गटाने उघडं टाकलेल्या फाटकातून वासरं रस्त्यावर आली. सुदैवाने गाडीखाली आली नाहीत. त्या शेतकऱ्याने एक शब्द वाकडा काढला नाही, पण कुलूप आणून ठेवलं आहे.

हे सगळं तुम्हीच करता असं मी म्हणणार नाही. इथलेही लोक झाडांना प्लास्टिकची खेळणी, मास्क, काय वाट्टेल ते बांधतात. तारा टेकडीवरच्या हॉथॉर्नची दशा बघवत नाही. २०२३ पासून ब्रिगिडच्या नावाने सार्वजनिक सुट्टी सुरू झाली, तेव्हापासून विहिरींवर हौशी गर्दीही वाढली आहे. तुमची अडचणही समजते. पन्नास माणसं, वीस मिनिटं, पाऊस, त्यातल्या अर्ध्यांना स्वच्छतागृह हवं. अशा वेळी 'रिबीन बांधा, इच्छा मागा' हे सोपं पडतं. पण खरी गोष्टही वीस मिनिटांत सांगून होते, आणि ती मिळवायला पैसे पडत नाहीत. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगाने देशभरच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना कामाला लावलं: घरी जा, आजी-आजोबांना विचारा, लिहून आणा. सुमारे ५,००० शाळा आणि ५०,००० मुलं. विषयांच्या यादीत पवित्र विहिरी होत्याच. त्या वह्या डब्लिनच्या विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत, २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्यांची नोंद झाली, आणि 'दूखस' नावाच्या संकेतस्थळावर त्यांची पानं कुणालाही फुकट वाचता येतात. गावाचं नाव टाकलं की बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या वळणदार अक्षरात त्याच गावच्या विहिरीची हकिकत समोर येते: कोण लंगडत आला, कोण चालत गेला, कोणी विहीर बुजवायचा प्रयत्न केला आणि त्याचं काय झालं. तुमच्या प्रवाशांत निवृत्त शिक्षक असतात, वाचणाऱ्या बायका असतात. त्यांना हे पान मोबाइलवर दाखवून मराठीत सांगा. रिबिनीपेक्षा जास्त लक्षात राहील, आणि पुढच्या वर्षीच्या बुकिंगलाही तेच उपयोगी पडेल, हे मी व्यवहार म्हणून सांगते आहे.

तेव्हा मागण्या अशा:

एक, माहितीपत्रकांतून आणि जाहिरातींतून 'इच्छापूर्ती' आणि 'जादुई' हे शब्द काढा.

दोन, छापील रिबिनी वाटणं ताबडतोब थांबवा. ज्यांच्या रिबिनी अजून इतरत्र झाडांवर आहेत त्यांनी स्थानिक लोकांना विचारून, त्यांच्या देखरेखीखाली त्या उतरवायची सोय करावी. कुणाला खरोखर आपल्या आजारी माणसासाठी चिंधी बांधायची असेल, तर ती त्याच्या जुन्या सुती कपड्याची असावी आणि जिथे आधीपासून ती रीत आहे तिथेच.

तीन, ज्या विहिरीवर उभे आहात तिचीच गोष्ट सांगा. ती शोधूनही मिळाली नाही तर तिथे बस थांबवू नका. शंभर ठिकाणं आहेत.

चार, लहान विहिरींवर मोठी बस नकोच. जायचंच असेल तर आठ-दहा माणसं, तीही शेतकऱ्याला किंवा गावाला आधी विचारून. पॅटर्नच्या दिवशी आलात तर मागे उभे राहा. बोलावलं तर राउंड्स घाला, उजवीकडून. बोलावतात, हा माझा अनुभव आहे.

पाच, चिठ्ठ्या, फोटो आणि प्रार्थना करणारी माणसं यांचं चित्रीकरण करू नका. केलेलं काढून टाका.

सहा, पुढच्या हंगामाची पत्रकं छापायच्या आत तुम्ही यातलं काय मान्य करता ते जाहीरपणे सांगा. मला वेगळं उत्तर नको. तुमच्या पानावर लिहा, प्रवासी वाचतील.

हे पत्र मी कोणत्याही कंपनीचं नाव न घेता लिहिलं आहे. ज्यांच्या रिबिनी आहेत त्यांना नंबर पाठ असेलच. आमच्या गटाची पुढची बैठक १ फेब्रुवारीच्या, म्हणजे ब्रिगिडच्या सणाच्या आधी आहे. फाटकाला कुलूप लावायचं की नाही, हा तिथला पहिला विषय आहे. कुलूप लागलं तर ते बसवाल्यांना लागेल तसं काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही लागेल. तोवर तुमच्याकडून काही आलं तर मी ते बैठकीत वाचून दाखवीन. मराठीत असलं तरी चालेल, भाषांतर मी करते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
क्लेअर परगण्यातील एक मराठी रहिवासी